सगळे एकदम का होत नाही?



यंदाच्या वार्षिक सभेत अहवाल, ताळेबंद, नफावाटणी असे रीतसर विषय झाले आणि 'आयत्या वेळचे विषय' सुरू झाले. तेव्हा वरच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावचे वयस्कर सभासद उभे राहिले. माईक हातात न घेताच म्हणाले, "चेअरमनसायेब, कारखाना आपला, सरकार बी आपलंच म्हनायचं. मग टनाला दर बी वाढला पायजे, डिस्टिलरी बी मोठी झाली पायजे, आन् आमच्या शिवारात पानी बी आलं पायजे. समदं एकदम का हुईत न्हाई, एवढंच सांगा."

मंडपात टाळ्या पडल्या. चेअरमनसाहेबांनी उत्तर दिले, पण पाऊस भरून आला होता आणि जेवणाच्या पंगती खोळंबल्या होत्या. दोन मिनिटांत जे सांगता आले ते सांगितले. आम्ही खाली बसून ऐकत होतो. आम्हाला वाटले, प्रश्न इतका मोलाचा आहे की त्याला दोन मिनिटे पुरणार नाहीत. म्हणून या अंकाची ही पाने त्या प्रश्नाला दिली आहेत.

'पैसे नाहीत' हे उत्तर अनेकदा ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. सरकारजवळ पैसा असतो, कारखान्याजवळही असतो. धरणात पाणी असते. पण पैसा आणि पाणी जेवढे असते त्याहून ते वापरण्याच्या जागा नेहमीच जास्त असतात. मग एका जागी घातले की दुसऱ्या जागचे आपोआप थांबते. यालाच टंचाई म्हणायचे. टंचाई म्हणजे फक्त दुष्काळ नव्हे. धरण काठोकाठ भरले तरी ही टंचाई संपत नाही.

हे तुम्हाला शिकवायला आम्ही कोण? तुम्ही हा हिशेब दर उन्हाळ्यात करता. एप्रिल महिना आहे असे धरा. विहिरीचे पाणी तळाला गेले आहे, लाईट आठ तास. दोन एकर आडसाली उभा आहे, एकरभर खोडवा आहे आणि बांधाला जनावरांसाठी कडवळ केले आहे. पाणी तिन्हीला पुरत नाही. आडसाली सोडवत नाही, कारण त्यावर सोसायटीचे कर्ज आहे. राहिले खोडवा आणि कडवळ. तुम्ही खोडव्याला पाणी दिले, कडवळ वाळले, म्हशीचे दूध आटले. आता त्या पाण्याला खर्च किती आला? वीजबिल तर आलेच. पण खरा खर्च ते आटलेले दूध आहे. हा खर्च कुठल्या पावतीवर छापून येत नाही. कारभारीण मात्र तो रोज सकाळी चरवीत बघते.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला मोठाले शब्द आहेत. आम्ही या लेखापुरते त्याला 'सोडलेल्याची किंमत' म्हणू. जे केले त्याची किंमत म्हणजे ते करताना जे सोडले ते. एवढे एक माप हाती धरले की सरकारचा खर्चही मोजता येतो आणि कारखान्याचाही.

आता आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचे उदाहरण घेऊ. कोयना.

कोयनेचे धरण सुमारे १०५ टीएमसीचे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे २,८३१ कोटी लिटर पाणी. हे पाणी दोन वाटांनी जाते. एक वाट पूर्वेची. धरणातून नदीत, नदीतून कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत, आणि तिथून खाली आपल्या शिवारांत. दुसरी वाट पश्चिमेची. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून, जवळजवळ दीड हजार फूट खाली कोकणात. तिथे वीज तयार होते आणि पाणी वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळते. १९६२ पासून ही वीज मिळते आहे, आणि सगळे टप्पे मिळून तिची क्षमता १,९६० मेगावॉट आहे.

पश्चिमेला गेलेले पाणी परत येत नाही. इथेच सगळी मेख आहे. एरवी बहुतेक धरणांत वीज करून उरलेले पाणी कालव्याला सोडता येते. कोयनेत तसे जमत नाही. पूर्वेकडे सोडलेल्या पाण्यावर धरणाच्या पायथ्याला वीज होते, पण ती थोडी, कारण तिथे पाण्याची उडी लहान. पश्चिमेची उडी मोठी म्हणून वीज भरपूर, पण पाणी गेले ते गेलेच.

आता एका टीएमसीचा हिशेब मांडू. पश्चिमेला सोडले तर साधारण चार कोटी युनिट वीज मिळते. पूर्वेला सोडले आणि गळती, बाष्पीभवन काही धरलेच नाही, तर सुरू उसाला २०० सेंटिमीटर पाणी या मापाने सुमारे १,४०० हेक्टर उसाची वर्षभराची सोय होते. तेच पाणी ४० सेंटिमीटरवर भागणाऱ्या रब्बी पिकाला दिले तर ७,००० हेक्टर भिजते. तीन उत्तरे आली, तिन्ही बरोबर. पण तीनपैकी एकच निवडता येते.

आमच्यातले काही मित्र लगेच म्हणतील, यात विचार कसला करायचा, पाणी शेतीला द्या! थांबा जरा. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या आपल्या उपसा योजना टप्प्याटप्प्याने नदीचे पाणी शेकडो फूट वर उचलतात. कशावर? विजेवर. म्हणजे पूर्वेचे पाणी वर चढवायला लागणारी वीज काही अंशी पश्चिमेच्या पाण्यातून येते. शिवाय कोयनेची वीज संध्याकाळच्या ऐन मागणीच्या वेळी काही मिनिटांत सुरू करता येते. कोळशाचे केंद्र असे झटपट पेटवता-विझवता येत नाही. तेव्हा कोयनेचे एक युनिट आणि कोळशाचे एक युनिट मीटरवर सारखे दिसले, तरी कामाला सारखे नव्हे. ही वीज बंद केली तर तुमच्या मोटारीचे आठ तासही कमी होऊ शकतात.

कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे ज्याला आपण बच्छावत लवाद म्हणतो त्याने, या वाटणीला एक कुंपण घातले आहे. कोयनेतून विजेसाठी पश्चिमेला वर्षाला ६७.५ टीएमसीच्या वर पाणी न्यायचे नाही. पण कुंपण म्हणजे निर्णय नव्हे. पाऊस उणा पडला की कुंपणाच्या आत पुन्हा भांडण लागते. २०१५ साल आठवा, २०२३ साल आठवा. अशा वर्षी विजेच्या पाण्याला कात्री लावून पूर्वेसाठी पाणी राखा, अशी मागणी होतेच. आम्हीही ती केली आहे. पण कात्री लावल्यावर कमी झालेल्या विजेचे पैसे कोणी तरी भरतो, हे मागणी करताना आम्ही बोललो नव्हतो. आज बोलतो.

आणि पाण्याचे आणखी एक दुखणे. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या अहवालात असे म्हटले आहे, की महाराष्ट्रात लागवडीखालच्या क्षेत्रापैकी ४ टक्क्यांहून कमी क्षेत्र उसाचे आहे, आणि सिंचनाच्या पाण्यापैकी जवळजवळ ७० टक्के पाणी त्याला जाते. हा आकडा सभेत कोणी वाचला की आपल्याला राग येतो. काही जाणकार या आकड्याशी वाद घालतात, घालोत. पण थोडे इकडे-तिकडे झाले तरी रोख काही बदलत नाही. ही ओढाताण काही आजची नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली, ती याच कारणाने. पाणी मोजके, म्हणून ब्लॉकच्या काही भागात ऊस, बाकीच्यात हंगामी पिके, आणि फेरपालट. त्याही वेळी बागायतदारांनी कुरकुर केली होती.

पिण्याच्या पाण्याचा पहिला हक्क कोणी नाकारत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, तेव्हा आपल्या भागातल्या कोणी चकार शब्द काढला नाही. प्रश्न दुसऱ्या नंबराचा असतो. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११ साली तो बदलला आणि शेतीला दुसरा क्रम मिळाला. कागदावर एक ओळ वर-खाली झाली. पण त्या एका ओळीत कुठल्या कारखान्याच्या पाळ्या आणि कुठल्या गावच्या पाणीपाळ्या अडकलेल्या असतात, ते पाटकऱ्याला विचारा.

पाण्याचे झाले. आता सरकारच्या पैशाकडे वळू.

बच्छावत लवादाने १९७३ साली निर्णय दिला, १९७६ साली तो पक्का झाला. ७५ टक्के विश्वासार्हतेचे २,०६० टीएमसी पाणी धरून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी. आणि ३१ मे २००० नंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकेल, असे कलम त्यात होते. आपल्याकडे त्याचा अर्थ असा घेतला गेला, की तोवर आपले पाणी आपण अडवले नाही तर फेरविचारात ते हातचे जाईल. भीती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, लोकांकडून कर्जरोखे घेऊन पैसा उभारला गेला आणि कामांचे नारळ फुटले.

नारळ मात्र फार फुटले. प्रत्येक तालुक्याला धरण हवे, प्रत्येक आमदाराला कालवा हवा. नाही कोणाला म्हणायचे? कोणालाच म्हटले नाही. सगळ्यांना थोडे-थोडे दिले. कुठे मातीची भिंत निम्मी उठली आणि सांडवा राहिला. कुठे धरण झाले पण कालवा नाही. कुठे पंपगृह उभे, पण वरची पाईपलाईन यायची होती. एक ना धड, भाराभर चिंध्या. आणि कर्जरोख्यांचे व्याज काही भिंत पुरी होण्याची वाट बघत थांबत नाही.

आमच्या मते या साऱ्या प्रकरणात सर्वात जास्त शिकण्यासारखी गोष्ट ही आहे. निम्म्या झालेल्या धरणावर शंभर टक्के व्याज चढते, आणि पाणी शून्य टक्के मिळते. दहा धरणे निम्मी करण्याऐवजी पाच पुरी केली असती तर खर्च तेवढाच झाला असता. पण मग उरलेल्या पाच ठिकाणच्या लोकांना तोंडावर 'तुमचे नंतर' असे सांगावे लागले असते. ते सांगण्याचे धाडस झाले नाही. न निवडणे हीसुद्धा एक निवडच असते, आणि बहुधा तीच सर्वात महाग पडते. पुढे केंद्राने अडकलेल्या प्रकल्पांसाठी १९९६-९७ पासून त्वरित सिंचन लाभ कार्यक्रम काढला. त्यानंतर २०१६ च्या सुमारास देशभरातले ९९ प्रकल्प निवडून ते आधी पुरे करायचे ठरवले, त्यांत महाराष्ट्राचे २६ होते. म्हणजे शेवटी निवड करावीच लागली, फक्त वीस वर्षे उशिरा.

याच्या उलट एक उदाहरण द्यायला हवे, नाही तर सरकारला नावे ठेवणे एवढाच आमचा धंदा आहे असे वाटेल. १९७२ चा दुष्काळ. आपल्यातल्या जुन्या माणसांनी खडी फोडली आहे, सुकडी खाल्ली आहे. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. त्याआधी वि. स. पागे यांच्या पुढाकाराने तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम या कल्पनेचा प्रयोग झालेला होता. त्यातून रोजगार हमी योजना आली, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

पण आम्हाला सांगायचे आहे ते तिच्या पैशाबद्दल. हमी द्यायची म्हणजे दर वर्षी पैसा लागणार. तो कुठून आणायचा, हे योजना आखणाऱ्यांनी आधी ठरवले. १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसला, तो शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापला जाऊ लागला. आणि १९७४ च्या कायद्याने बागायत जमिनीवर खास आकारणी बसली. म्हणजे जिरायतातल्या मजुराच्या हाताला काम मिळावे म्हणून बागायतदाराने, म्हणजे आपणच, काही सोडले. त्या वेळी पुष्कळ बागायतदार चिडले होते. चिडले तरी एक गोष्ट चांगली होती. कोण सोडतो आणि कोणाला मिळते, हे उघड होते.

त्या योजनेतही ओढाताण सुटली नव्हती. खर्चातला ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर गेला पाहिजे, असा नियम होता. त्यामुळे मजुराच्या पदरात पैसा पडला, हे खरे. पण मुरूम टाकलेल्या रस्त्यावर डांबर पडायचे राहिले, कारण डांबर-सिमेंट-रोलर उरलेल्या ४० टक्क्यांत बसवायचे. रस्ता पक्का हवा की हाताला काम जास्त हवे? दुष्काळाच्या वर्षी हाताला काम, हे उत्तर बरोबरच होते. पुढच्या पावसाळ्यात तो रस्ता वाहून गेला, तेव्हा त्याच लोकांनी शिव्याही दिल्या.

साखरेचेही असेच. १९६७-६८ पासून सरकार कारखान्याच्या साखरेचा ठरावीक वाटा लेव्ही म्हणून कमी भावाने घेई आणि रेशनवर देई. सुरुवातीला हा वाटा ६० टक्के होता. गरिबाच्या चहात साखर पडत होती, चांगली गोष्ट. पण सरकारच्या तिजोरीतून त्यासाठी फारसे जात नव्हते. तो खर्च खुल्या बाजारात साखर घेणारा गिऱ्हाईक आणि ऊस घालणारा सभासद मिळून भरत होते. हे ओझे कमी होत होत २०१३ साली लेव्ही संपली. तो खर्च इतकी वर्षे ताळेबंदात दिसला नाही, म्हणून त्यावर नीट वादही झाला नाही.

आता आपल्या घरच्या मालाकडे येऊ. ऊस.

पूर्वी एक टन ऊस आला की त्यातून काय निघणार, हे ठरलेले असे. आता तसे राहिले नाही. एका टनातून, आपण ११ टक्के उतारा धरू, ११० किलो साखर काढता येते आणि उरलेल्या शेवटच्या मळीतून साधारण साडेदहा लिटर इथेनॉल. मधल्या, म्हणजे बी-हेवी मळीवर थांबलो तर साखर थोडी कमी आणि इथेनॉल दुपटीच्या आसपास. आणि रसच सगळा इथेनॉलला दिला तर साधारण ७० लिटर इथेनॉल आणि साखर शून्य. पोत्यात भरलेली साखर टाकीत जात नाही आणि टाकीतले इथेनॉल पोत्यात येत नाही.

यात किती मिळते ते बघू. २०२२-२३ च्या हंगामाचे सरकारी भाव घेऊ, कारण ते वर्ष पुरे झालेले आहे. रसाच्या इथेनॉलला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे होते, म्हणजे ७० लिटरचे सुमारे ४,५९० रुपये. शेवटच्या मळीच्या इथेनॉलला ४९ रुपये ४१ पैसे होते, म्हणजे साडेदहा लिटरचे सुमारे ५२० रुपये. आता साखर ३६ रुपये किलोने गेली असे धरा. ११० किलोचे ३,९६० रुपये, अधिक ५२०, एकूण ४,४८०. इथेनॉल वरचढ ठरले. साखर ४० रुपयांनी गेली असे धरा. ४,४०० अधिक ५२०, एकूण ४,९२०. साखर वरचढ. आणि ३७ रुपयांना दोन्ही पारडी जवळजवळ बरोबर. प्रक्रियेचा खर्च यात धरलेला नाही, तो धरला की काटा थोडा सरकतो. पण मुद्दा लक्षात आला असेल. किलोमागे दोन-तीन रुपयांच्या फरकावर सबंध हंगामाचा निर्णय फिरतो.

इथेनॉलच्या बाजूने आणखी एक वजन आहे. तेल कंपन्यांचे पैसे तीन आठवड्यांच्या आसपास येतात. साखर मात्र गोदामात महिनोन्‌महिने पडते, कारण २०१८ पासून महिन्याचा विक्री कोटा पुन्हा आला. आणि गोदामातल्या पोत्यावर बँकेचे व्याज चालू राहते. साखरेचा किमान विक्री दर २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला ३१ रुपये ठरला. एफआरपी २०१८-१९ ला टनाला २,७५० होती, ती २०२५-२६ ला ३,५५० झाली, अर्थात उताऱ्याची अटही १० वरून १०.२५ टक्के झाली. तुम्हाला दर वाढलेला हवा, तो वाढला. तो द्यायला पैसा लवकर फिरायला हवा, आणि पैसा लवकर फिरतो तो इथेनॉलमध्ये. म्हणून पुष्कळ कारखान्यांनी डिस्टिलऱ्या वाढवल्या, कर्जे काढली.

आणि मग ७ डिसेंबर २०२३ आला. त्या साली पाऊस कमी, ऑगस्ट तर कोरडाच गेलेला. देशात साखर कमी पडेल, भाव चढतील, ही दिल्लीला भीती. तेव्हा केंद्राने आदेश काढला, की २०२३-२४ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करायचे नाही. ऐन गाळपात! आठवड्याभराने, १५ डिसेंबरला, तो थोडा सैल झाला. १७ लाख टन साखरेइतका माल इथेनॉलकडे वळवायला परवानगी मिळाली. निर्यातही बंदच होती. शेवटी उत्पादन भीतीइतके घटले नाही, आणि बऱ्याच कारखान्यांच्या टाक्यांत बी-हेवी मळी पडून राहिली. पुढे २०२४ च्या ऑगस्टमध्ये २०२४-२५ साठी बंधने उठली.

आम्हाला त्या आदेशाचा राग आला होता, अजूनही आहे. पण सरकारच्या खुर्चीत बसून पाहू. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले की परदेशी तेलाचा खर्च वाचतो. साखर मुबलक राहिली की शहरातला माणूस शांत राहतो, आणि २०२४ साल निवडणुकीचे होते हे सांगायला नको. ऊस एकच. सरकारने स्वस्त साखर निवडली. त्या निवडीची 'सोडलेल्याची किंमत' कोणी भरली? ज्या कारखान्यांनी सरकारच्याच सांगण्यावरून डिस्टिलऱ्या बांधल्या त्यांनी, म्हणजे त्यांच्या सभासदांनी. आमची तक्रार निवडीबद्दल नाही, निवड करणे सरकारला भागच होते. ती हंगाम सुरू झाल्यावर केली आणि तिचे ओझे एकाच्याच डोक्यावर ठेवले, ही तक्रार आहे. ओढाताण नुसती उसावरच थांबली नाही, हेही पाहून ठेवा. इथेनॉलसाठी मका वळला, मक्याचा भाव चढला, तेव्हा कुक्कुटपालनवाल्यांनी ओरड केली. मका पिकवणारा मात्र खूष होता.

सरकारला इतके बोललो, आता आपल्या घरात डोकावू. काही वर्षांपूर्वी आपल्या कारखान्याने एकाच वेळी तीन कामे काढली होती. गाळप क्षमता वाढवणे, वीज प्रकल्प आणि सभागृह. तिन्ही ठराव सभेत हात वर करून मंजूर झाले, आमचेही हात वर होते. तिन्ही कामे लांबली, व्याज वाढले, आणि त्या हंगामात उसाचे बिल १४ दिवसांत देण्याचा नियम आपल्याला पाळता आला नाही. तोडणीनंतर अडीच महिन्यांनी बिल मिळालेले सभासद हा अंक वाचत असतील. त्यांच्या मुलांच्या फिया त्या काळात कशा भरल्या, हे आमच्या ताळेबंदात कुठेच नव्हते. कृष्णा खोऱ्यातल्या निम्म्या भिंतींना हसण्याचा आम्हाला हक्क नाही.

म्हणून यंदा संचालक मंडळाने एकच काम घ्यायचे ठरवले आहे आणि कुठले ते सभासदांनी सांगायचे आहे. राखीव निधीतून आणि टनामागच्या कपातीतून जी रक्कम उभी राहील, तिच्या तीन वाटा आहेत. एक, डिस्टिलरी वाढवणे. दोन, ठिबकसाठी सभासदाला कारखान्याकडून अनुदान. तीन, काहीच न करणे आणि ती रक्कम दुसऱ्या हप्त्यात वाटून टाकणे. तिसरी वाट चुकीची आहे असे कोणी समजू नये. ज्याच्या घरी लग्न आहे किंवा दवाखाना आहे, त्याला आजचा हप्ता पाच वर्षांनंतरच्या ठिबकपेक्षा मोलाचा असतो, आणि तो काही अडाणी नसतो.

आमचे मत ठिबकच्या बाजूने आहे, ते लपवत नाही. २०२३ ने दाखवून दिले, की पाऊस हुकला तर आधी ऊस कमी पडतो, डिस्टिलरी नंतर. ठिबकने ४० ते ५० टक्के पाणी वाचते असे सांगतात. पण यात एक खाचखळगा आहे, तो सांगितला नाही तर आम्ही तुमची फसवणूक केली असे होईल. नदीकाठच्या सभासदाने ठिबक केले, पाणी वाचले, तर ते वाचलेले पाणी आपोआप वरच्या गावाला जात नाही. बहुतेक वेळा तो त्यावर आणखी दोन एकर ऊस लावतो. मग अनुदान सगळ्यांच्या कपातीतून गेले, आणि सभेत प्रश्न विचारणाऱ्या आजोबांच्या शिवारात थेंबही आला नाही. म्हणून अशी सूचना पुढे आली आहे, की अनुदान घेणाऱ्याने उसाचे क्षेत्र वाढवायचे नाही. नोंदीपेक्षा जास्त क्षेत्र आढळले तर अनुदान बिलातून वसूल. नदीकाठच्या मंडळींना ही अट जाचक वाटते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच गैर नाही. जमीन त्यांची, विहीर त्यांची. वरच्या गावांचे म्हणणे असे, की कपात आमच्याही टनातून जाते. दोन्हीकडचे लोक आमच्या कचेरीत येऊन बसून गेले आहेत. चहा सारखाच प्याले, मत एकाचेही बदलले नाही.

यावर गटवार बैठका होतील. तारखा गट ऑफिसच्या फलकावर लावल्या आहेत. त्याआधी प्रत्येक सभासदाने गट ऑफिसातून एक छापील कागद घेऊन भरून द्यायचा आहे. त्यात पहिला रकाना 'काय हवे' असा आहे, आणि त्याच्या शेजारी दुसरा रकाना 'त्यासाठी काय सोडायला तयार आहे' असा आहे. दुसरा रकाना कोरा ठेवलेला कागद मोजणीत धरला जाणार नाही. सही येत नसेल त्यांनी अंगठा करावा, स्लिपबॉय मदत करतील.